लाकडी बदकाच्या पोटावरच्या तारखा

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी बदक आहे. रंगानं नर आहे, त्यामुळे बोलतोही तसाच. डोकं तांबडं, छाती काळी, पाठ पांढरी. पण लगेच 'किती गोड!' म्हणून मला उचलायला धावू नका. मी खेळणं नाही. मी फसवायला जन्माला आलो. पाण्यावर डोलायचं, वरून उडणाऱ्या खऱ्या बदकांना 'या, या, इथं सगळं ठीक आहे' असं भासवायचं, आणि ती खाली उतरली की मागच्या पाणकणसांत दडलेल्या माणसानं बंदूक उचलायची, हा माझा धंदा. ज्याचा धंदाच असा, तो दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवणार? म्हणून मी संशयी आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खरं तर संशय माझ्या लाकडातच आहे. बदक होण्याआधी मी टेलिफोनचा खांब होतो. मिनेसोटाच्या पश्चिमेला, जिथं दहा मैल चाललं तरी जमिनीला चढ म्हणून लागत नाही, तिथल्या एका कच्च्या रस्त्याच्या कडेला मी चाळीस वर्षं उभा होतो. सगळ्या गावाची बोलणी माझ्या डोक्यावरच्या तारांतून जायची. 'घसा धरलाय, या रविवारी चर्चला येत नाही' असं पाद्रीबाबांना सांगणारा माणूस अर्ध्या तासानं गळ आणि डबा घेऊन माझ्या समोरून नदीकडे जाताना मी पाहिलाय. एकदा नव्हे, पन्नासदा. माणसं तोंडानं एक सांगतात आणि पायानं दुसरीकडेच जातात, हे मी तेव्हाच शिकलो.

साठ साली कंपनीनं जुने खांब उपटले. त्यातला एक तुकडा आर्विद नेसेट या शेतकऱ्यानं घरी नेला. त्या हिवाळ्यात तो चाऱ्याच्या कोठाराच्या शिडीवरून घसरला होता, पाय प्लास्टरमध्ये. बाहेर कमरेएवढं बर्फ. मग स्वारी स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून दिवसभर लाकूड तासायची. माझ्याबरोबर आणखी पाच भाऊ घडले. आर्विदची बायको गर्दा तिथंच स्वयंपाक करायची. तिचं तोंड माझ्या मालकाच्या सुरीपेक्षा धारदार.

"आर्विद, आज बटाट्याच्या पोळीत लाकडाचा भुसा निघाला."

"मग चव आली असेल."

"चव त्या तुझ्या बदकाला विचार. आणि माझ्या खुर्चीचे दोन पितळी खिळे कुठे गेले?"

आर्विदनं खिडकीबाहेर पाहिलं. "वारा सुटलाय बरं का आज," तो म्हणाला.

ते खिळे माझ्या डोळ्यांच्या जागी बसले होते. म्हणजे बघा मित्रांनो, माझे डोळेसुद्धा चोरीचे. पोटाला शिशाची पट्टी ठोकली, गळ्याखाली दोरी बांधली, तीन हात रंग चढवला आणि मला कामाला जुंपलं.

आर्विदची एक जागा होती. गावापासून सहा मैलांवर एक मोठी पाणथळ होती, आकारानं अगदी हातमोज्यासारखी, अंगठ्यासकट. म्हणून लोक तिला 'हातमोजा' म्हणत. चार शेतकऱ्यांच्या जमिनींत ती पसरलेली. लोकांना वाटायचं, तिथं चिखल आणि डास यांखेरीज काही नाही. आर्विदनं तसं वाटू दिलं. अंगठ्याच्या टोकाशी पाणकणसांत त्याची दडायची जागा होती, आणि तिचा थांगपत्ता त्यानं कोणालाही लागू दिला नाही. हातमोजा दक्षिणेला, तर हा घरातून निघायचा उत्तरेला. खडीच्या जुन्या खाणीपर्यंत जायचा, तिथून वळसा घालून मागच्या रस्त्यानं परत यायचा. गाडी दफनभूमीच्या भिंतीआड लावायचा. आम्हां सहा भावांना चाऱ्याच्या पोत्यात भरायचा, पोतं पाठीवर, आणि वाटेत चारदा मागे वळून बघायचा. मी पोत्यातून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, याच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

माझा संशय पक्का झाला तो एका खिळ्यामुळे. त्या पहिल्याच ऑक्टोबरात एका सकाळी आकाशातून लालडोक्यांचा मोठा थवा उतरला. अगदी माझ्याच रंगाची, माझ्याच जातीची बदकं. शिकार झाली, कॉफी पिऊन झाली, आणि आर्विदनं मला पाण्यातून काढून मांडीवर उलटं घेतलं. खिशातून खिळा काढला आणि माझ्या पोटावर काहीतरी कोरलं. कर्र, कर्र, कर्र. मला स्वतःचं पोट दिसत नाही. मला वाटलं, झालं! हा मेलेल्यांची मोजदाद माझ्या पोटावर ठेवतोय. खून त्यानं करायचे आणि खुणा मी वागवायच्या.

दरवर्षी तेच. ऑक्टोबर आला की कर्र कर्र. कधीकधी एखाद्या मेलेल्या बदकाच्या पायात सरकारी कडं निघायचं, बारीक आकडे असलेलं, पक्षी कुठून कुठं जातात ते कळावं म्हणून घातलेलं. असं कडं सापडलं की आकडा आणि जागा लिहून पत्र पाठवायचं असतं. आर्विद ते कडं बदकांना बोलवायच्या आपल्या शिट्टीच्या दोरीत ओवायचा, माझ्या पोटावर कर्र कर्र करायचा आणि पत्र मात्र पाठवायचा नाही. कारण पत्रात जागा लिहावी लागते ना!

आणि हाच माणूस मंगळवारी क्लबात भाषण करायचा. हो तर! गावातल्या शिकारी आणि मासे धरणाऱ्यांचा क्लब होता, गळासाठी गांडुळं विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. आर्विद तिथला चिटणीस. नमुना म्हणून मला टेबलावर ठेवायचा आणि आवाज चढवून बोलायचा, "मंडळी, मारणं सोपं आहे. पाणी राखणं कठीण आहे. पाणथळी गेल्या की बदकं गेली, आणि बदकं गेली की आपण भिंतीवर बंदूक टांगून जुन्या गोष्टी सांगत बसायचं." लोक टाळ्या वाजवायचे. मग सगळे मिळून पत्रं लिहायचे, पाणथळी वाचवण्यासाठी निघणारं बदकाचं तिकीट विकत घ्यायचे, घरट्यांच्या पेट्या ठोकायचे. मी टेबलावरून सगळ्यांचे हात बघायचो. परवाच्या रविवारी याच हातांनी चाप ओढले होते. आज पेट्या ठोकतायत? मानभावी लेकाचे, असं मला वाटायचं.

एका वर्षी मात्र मी जरा गोंधळलो. लालडोकी कमी झाली होती, त्यांच्यावर त्या हंगामात बंदी होती. आर्विद तरीही आला. मला पाण्यात सोडलं. थवा आला, अगदी वीस हातांवर उतरला. आसपास माणूस नाही, वनखात्याचा शिपाई नाही, बघणारं कोणी नाही. मी वाट बघत राहिलो, आता वाजेल, मग वाजेल. काही नाही! बंदूक मांडीवर आणि हा माणूस डोळे मिचकावीत नुसता बघत बसलेला. एक मादी तर माझ्या अंगाला अंग घासून गेली. ती उडाल्यावर आर्विदनं बाहीला नाक पुसलं, मला उचललं आणि कर्र कर्र. कोणी मेलंच नव्हतं, मग कोरलं काय? मला काही केल्या कळेना. मग मी ठरवलं की यात आणखी खोल काहीतरी असणार.

आता मिलोबद्दल सांगतो. मिलो हाउगा हा आर्विदचा जिगरी दोस्त, पण नुसता मासे धरणारा. बंदुकीच्या आवाजानं त्याच्या कानात गुंई व्हायची. चाळीस वर्षांची दोस्ती, रोज एकत्र कॉफी, आणि दोघंही एकमेकांशी जागेबद्दल धडधडीत खोटं बोलायचे. "कुठे होतास?" "इथंच, जरा पुढे." "काही मिळालं?" "कुठलं काय!" आणि डबा इतका जड की उचलताना कण्हायचा. त्यांच्यात हा शिष्टाचारच होता. जागा विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास मागणं.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात मोठं वादळ आलं आणि माझी दोरी तुटली. वाऱ्यानं मला अंगठ्यापासून पार मनगटाकडे नेऊन पाणकणसांत कोंबलं. आर्विदनं दोन दिवस शोधलं, हाकाही मारल्या, जणू मी ओ देणार होतो. मग पाणी गोठलं आणि मी बर्फात अडकून पडलो. पाच महिने, मित्रांनो. एका बाजूचा रंग सोलून निघाला, डोक्याला चीर पडली. तेव्हा कळलं की आपल्याला विसरणं किती सोपं आहे.

वसंतात बर्फ फुटलं, मनगटाशी रस्त्याखालून नदीकडे जाणाऱ्या नळ्यातून पाणी खळाळू लागलं, आणि एका सकाळी उंच बुटांचा एक माणूस वाकून वाकून येताना दिसला. चार पावलं टाकायचा आणि मागे वळून बघायचा. मिलो! नदीतले मोठे पाइक मासे अंडी घालायला त्या नळ्यातून हातमोज्यात चढत होते, आणि मिलो नळ्याच्या तोंडाशी पोटावर पडून त्यांना बघत होता. गळ जवळ होता, पण अंडी घालायच्या दिवसांत त्यानं तो टाकला नाही. टाकला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

मग त्याला मी दिसलो. त्यानं मला उचललं, उलटं केलं, पोटावर अंगठा फिरवला. आर्विदचं अक्षर ओळखलं असणार. चेहरा असा झाला जणू चोरीचा माल हाती लागलाय. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि मग काय करावं त्यानं? मला होतो तिथंच, तस्साच, चोच पश्चिमेला करून परत ठेवलं आणि निघून गेला! इतक्या वर्षांचा दोस्त म्हणवतो आणि दोस्ताचं बदक चिखलात टाकून जातो. मी मनात त्याचं नाव कायमचं कोरून ठेवलं. पुढे ऑक्टोबरात आर्विदला मी सापडलो, तेव्हा त्या दांडगट माणसानं मला छातीशी धरलं आणि वर्षभराच्या राहिलेल्या ओळी एकदम कोरल्या. पण मिलोचं बिंग फोडायला मला तोंड कुठे होतं?

अठ्ठ्याहत्तर साली क्लबात एक नकाशा लागला. ज्याला ज्या पाणथळीत बदकं किंवा मासे दिसतात, त्यानं तिथं टाचणी टोचायची. मग नकाशा सरकारी कचेरीत द्यायचा, म्हणजे पुढेमागे कोणी ती जागा बुजवायला निघालं तर पुरावा असेल. कल्पना आर्विदचीच! भाषणही त्याचंच. सगळे टोचून गेल्यावर शेवटी तो उठला, टाचणी घेतली, आणि टोचली कुठे? खडीच्या खाणीवर. तिथं पावसाळ्यात डबकंसुद्धा साचत नाही. त्याच्या मागून मिलो आला. त्यानंही टाचणी खाणीवरच टोचली.

"तुझी जागापण खाणच?" आर्विदनं विचारलं.

"हो ना. बरी आहे."

"पाइक मिळतात खाणीत?"

"तुला बदकं मिळतात तसे मिळतात."

मी टेबलावर बसून दोघांकडे बघत होतो. हातमोज्यावर एकही टाचणी नव्हती.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात ते प्रकरण अंगाशी आलं. वेंडेल फिक नावाच्या शेतकऱ्यानं उन्हाळ्यातच अर्ज केला होता की मनगटापासून मोठा चर खणून हातमोज्याचं पाणी नदीत सोडावं, म्हणजे चारही शेतांत मका लावता येईल. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळापुढे सुनावणी ठरली. मंडळानं एक इंजिनिअर पाठवला होता. तो भर ऑगस्टच्या कोरड्यात आला, पंधरा मिनिटं उभा राहिला, अंगावर बसलेले डास मारले आणि लिहून गेला: 'पक्षी व मासे, उल्लेखनीय नाहीत.'

त्या आठवड्यात आर्विदची ताटं भरलेली तशीच परत जात होती. मी शेगडीवरच्या फळीवर होतो. गर्दानं ताट त्याच्यापुढे आपटलं.

"जा आणि सांग की त्यांना."

"काय सांगू?"

"सव्वीस वर्षं तू कुठे जातोस ते."

"उत्तरेला जातो. खाणीकडे."

"आर्विद नेसेट! उत्तरेचा चिखल काळा असतो. तुझे बूट सव्वीस वर्षं मी धुतेय, त्यांना पांढरा चिखल असतो. मी काय आंधळी आहे?"

आर्विदचा काटा हवेतच राहिला. "मग बोलली का नाहीस कधी?"

"तू बोलतोस का, ते बघत होते."

त्यानं काटा ताटात ठेवला. मग म्हणाला, "गर्दा, सांगितलं तर पुढच्या वर्षी तिथं वीस गाड्या उभ्या राहतील."

"आणि नाही सांगितलं तर मका उभा राहील."

आर्विदचे डोळे भरून आले. मला पहिल्यांदाच त्याची कीव आली, आणि लगेच संशयही आला की हा रडतोय कोणासाठी, बदकांसाठी की स्वतःच्या जागेसाठी? आज विचाराल तर सांगतो, दोन्हींसाठी होतं. तेव्हा मला वाटायचं की माणसाला एका वेळी एकाच गोष्टीचं दुःख होतं.

सुनावणीच्या सकाळी काउंटीच्या इमारतीत खुर्च्या पुरल्या नाहीत. मंडळाच्या अध्यक्ष व्हर्ना लुंडीनबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गर्दाच्या मांडीवर चाऱ्याचं पोतं, पोत्यात मी. वेंडेल फिक उठला. माणूस वाईट नव्हता हो, सरळ बोलला.

"मी कोणाचा शत्रू नाही. शनिवारी मीही गळ टाकतो. पण हातमोज्यात खरंच काही असतं तर आपल्या क्लबाला कळलं नसतं का? हा त्यांचाच नकाशा, त्यांनीच कचेरीत दिलेला. सगळीकडे टाचण्या आहेत. हातमोज्यावर एक नाही. खडीच्या खाणीवर मात्र दोन आहेत!"

सगळं सभागृह हसलं. आर्विदचे कान लाल झाले. तो उठला, आणि गुडघ्यांचा कट् असा आवाज मला पोत्यातही ऐकू आला.

"त्यातली एक माझी," तो म्हणाला. "खोटी आहे. माझी खरी जागा हातमोजा आहे. सव्वीस वर्षं."

कुजबुज पसरली. लुंडीनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नेसेटसाहेब, इतकी वर्षं नकाशा खोटा आणि आज, चराची गोष्ट निघाल्यावर, तुमचं म्हणणं खरं मानायचं? काही लिहून ठेवलंय?"

"ठेवलंय. पण कागदावर नाही. कागद कोणीही वाचतं." त्यानं गर्दाकडे हात केला. तिनं मला पोत्यातून काढलं आणि त्यानं मला त्या टेबलावर सर्वांसमोर उलटं ठेवलं. "बदकाचं पोट कोणी बघत नाही."

आणि मग, मित्रांनो, लुंडीनबाईंनी माझं पोट मोठ्यानं वाचलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो की माझ्यावर काय लिहिलंय. "एकसष्ट, अकरा ऑक्टोबर, लालडोकी आली, अंदाजे चारशे. बासष्ट, सात ऑक्टोबर, सहाशे. कडं, शेवटचे आकडे दोन-एक-नऊ. बहात्तर, नऊ ऑक्टोबर, बंदी, नुसतं पाहिलं, नऊशे. एक मादी आपल्या लाकड्याला घासून गेली."

आपला लाकड्या. म्हणजे मी.

मेलेल्यांची मोजदाद नव्हती ती. आलेल्यांची होती! सव्वीस वर्षं मी ज्याला खुनाच्या खुणा समजत होतो, ती हजेरी होती. लाकडाला लाज वाटत नाही असं कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. मला वाटली.

आर्विदनं शिट्टीची दोरी काढून टेबलावर ठेवली. एकोणीस कडी. आकडे माझ्या पोटाशी जुळले. फिक जवळ आला, वाकून वाचलं, डोकं खाजवलं.

"तारखा आहेत हे मान्य. पण अध्यक्षबाई, जागेचं नाव कुठे आहे? एकदाही नाही. हे सगळं दुसऱ्या कुठल्या तळ्यावरचंही असू शकेल."

खरंच नव्हतं. आर्विद इतका संशयी, की माझ्या पोटालाही त्यानं जागेचं नाव सांगितलं नव्हतं. त्यानं मला फिरवून फिरवून पुन्हा पाहिलं. तोच मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"खाणीवरची दुसरी टाचणी माझी," मिलो म्हणाला. "तीही खोटी. बाई, बघा जरा, त्र्याहत्तरला काय लिहिलंय?"

"त्र्याहत्तर, नोव्हेंबर दहा. वादळ. लाकड्या हरवला. चौऱ्याहत्तर, चार ऑक्टोबर, सापडला."

"मधल्या एप्रिलात हेच बदक मला हातमोज्यात सापडलं होतं. मनगटाच्या नळ्यापासून तीस पावलांवर, पाणकणसांत, डोक्याला चीर. हीच चीर. मी तिथं दर वसंतात जातो. नदीतला प्रत्येक पाइक तिथं जन्माला येतो, फिक. तू शनिवारी धरतोस तोसुद्धा."

आर्विद गर्रकन वळला. "तुला माझं बदक सापडलं होतं? मग दिलं का नाहीस?"

"दिलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठे सापडलं!"

"विचारलंच असतं!"

"मग? कसं देणार?"

आधी गर्दा हसली. मग सगळेच हसले, लुंडीनबाईसुद्धा, चष्मा काढून. फक्त ते दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत होते, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काही न लपवता. माझा मिलोवरचा राग तिथंच निम्मा गळाला. निम्मा मी राखून ठेवला, स्वभावच तसा.

मंडळानं निकाल पुढे ढकलला आणि आधी नीट मोजणी करा म्हणून सांगितलं. मला तिथंच ठेवून घेतलं, त्यामुळे पुढचं सगळं नंतर आर्विदच्या तोंडून ऐकलेलं. ऑक्टोबरात सगळा क्लब हातमोज्याच्या भोवती दुर्बिणी घेऊन उभा राहिला. फिकही आला, खोटेपणा पकडायला. आकाश भरून आलं तेव्हा त्यानंच सगळ्यांत मोठ्यानं मोजलं आणि आकडा एकानंही कमी केला नाही. आर्विदनं एकोणीस पत्रं एकदम पाठवली. उत्तरं आली तेव्हा कळलं की त्यांतली काही बदकं पार कॅनडाच्या उत्तरेला कडी घालून घेऊन आली होती. एप्रिलात मिलोनं मंडळाला नळ्याशी नेलं, आणि एका पाइकानं शेपटी मारून लुंडीनबाईंचे बूट भिजवले. मे महिन्यात मत झालं. तीन विरुद्ध दोन. चर रद्द.

पण आर्विदची जागा गेली ती गेलीच. पुढच्या हंगामात सहा गाड्या उभ्या होत्या, आणि अंगठ्याच्या टोकाशी, बरोबर त्याच्या दडायच्या जागेत, शहरातली दोन माणसं बसलेली. तो पाण्यातून चालत त्यांच्याजवळ गेला. मग म्हणाला, "वारा पाठीशी घ्या, नाहीतर एकही उतरणार नाही."

आणि मी? मी पुरावा ठरलो. पुरावा परत देत नाहीत. इमारतीच्या जिन्याजवळ काचेच्या कपाटात मला ठेवलं, लोण्याच्या स्पर्धेच्या चषकाशेजारी. चिठ्ठी लावली: 'लाकडी बदक, शोभेचे.' शोभेचे! येणारे-जाणारे माझा तांबडा माथा बघतात, छान म्हणतात आणि पाणीपट्टी भरायला वर जातात. धूळ बसते, रंग उडतो. पाण्याचा स्पर्श होऊन किती वर्षं झाली ते मी आता आठवत नाही. आर्विद दर ऑक्टोबरात यायचा, किल्ली मागायचा आणि एक ओळ कोरून जायचा. शहाण्णव साली तो आला नाही. नोव्हेंबर लागला तरी आला नाही.

मग मिलो आला. काठी टेकत. कारकुनानं कपाट उघडलं. मिलोनं मला मांडीवर उलटं घेतलं आणि खिशातून खिळा काढला. आर्विदचाच खिळा, मी ओळखला. यंदाची तारीख कोरली, थव्याचा आकडा कोरला. आणि मग सगळ्या ओळींच्या वर, जिथं जरा जागा उरली होती, तिथं मोठ्या अक्षरांत काहीतरी बराच वेळ कोरत बसला. शेवटी फुंकर मारून भुसा उडवला.

"हातमोजा," तो मला म्हणाला. की आर्विदला? "घे. लिहून टाकलं एकदाचं."

मित्रांनो, मी अजून संशयीच आहे. बदकं मारणारा माणूस बदकांवर प्रेम करतो, हे माझ्या लाकडी डोक्यात अजून पुरतं शिरलेलं नाही. पण एक विचारायला मी शिकलोय, ते तुम्हीही शिका. कोणी छातीवर हात ठेवून म्हणाला की मला पाणथळी फार प्रिय, नदी फार प्रिय, तर लगेच टाळ्या वाजवू नका. त्याला विचारा, कुठली? नाव सांग. आणि तुम्हाला स्वतःला एखादी जागा आवडत असेल, तर ती मनात लपवून ठेवू नका. तिचं नाव मोठ्यानं घ्या, चार लोकांत घ्या, ती तुमच्या एकट्याची राहणार नाही हे माहीत असूनही घ्या.

आणि कधी त्या जिन्यावरून गेलात, तर कारकुनाकडे किल्ली मागा आणि मला एकदा उलटं करा. शोभा वरच्या बाजूला आहे. हातमोजा खाली लिहिलाय.